तोंड, पोट, मूळ

माझ्या आयुष्यातली चांगली माणसं मला बहुतेक माझ्या चुकांनीच मिळवून दिली आहेत. बायकोसुद्धा भलत्याच मांडवात जेवायला बसल्यामुळे मिळाली, पण ती हकीकत सांगायचा हक्क तिचा आहे. दस्तगीरचाचा शिकलगार मिळाले, ते कंपनीचं बोअर गेज माझ्या हातून पडलं म्हणून.

मी तेव्हा भोसरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि आमच्या मालकांनी त्या दारातून सगळ्यांत आधी काय आत घेतलं असेल, तर ते गेज. मखमलीच्या पेटीतून आलेली लांब दांडी, टोकाला दोन नाजूक बोटं, वर घड्याळासारखी तबकडी. कुठल्याही भोकात घाला, आतला व्यास केसाच्याही बारीक अंशापर्यंत सांगणार. त्याला हात लावायची परवानगी विभागात तिघांनाच होती, आणि त्या तिघांत सर्वांत काळजीवाहू म्हणून माझं नाव भिंतीवर लावलं होतं. नाव लागल्यापासून चौथ्या दिवशी मी ते फरशीवर पाडलं.

डब्याच्या पिशवीत दडवून मी ते कसबा पेठेत आणलं. घंगाळ ठोकत बसलेल्या एका तांबटाने ते लांबूनच पाहिलं. म्हणाला, "हे आमचं काम नाही. नळीच्या आतली भानगड असेल तर पलीकडच्या बोळात शिकलगाराकडे जा. माणूस हुशार आहे. आणि तुम्ही नाही, हे तो तुम्हाला सांगेलच."

बोळाच्या टोकाला एका खोलीचं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं: 'येथे नळी तपासून मिळेल. मत बदलून मिळणार नाही.' आत खिडकीखाली एक सडपातळ म्हातारा बसला होता. डोक्यावर विणलेली टोपी, कातरलेली पांढरी दाढी. काही लोक कानात अत्तराचा फाया ठेवतात. यांच्या कानात नळी पुसायचा कापूस होता आणि त्याला वास खोबरेल तेलाचा येत होता.

त्यांनी गेज हातात घेऊन फिरवलं. "काय मोजतं हे?"

"भोकाचा व्यास. केसाच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकसुद्धा दाखवतं."

"पडलं कुठून?"

"माझ्या हातून."

"म्हणजे केसाच्या पन्नासाव्या भागाचं यंत्र, आणि तेवढ्याच अकलेच्या माणसाकडे दिलं. माप बरोबर जुळवलंय कंपनीने. बसा मापाडीसाहेब."

धान्य बाजारात पोती मोजणाऱ्याला मापाडी म्हणतात. तेव्हापासून मी मापाडीसाहेब झालो. एकूण ते मला 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणत तोवर थट्टा चालू आहे असं समजायचं. ज्या क्षणी 'तू' म्हणाले, त्या क्षणी थट्टा संपली.

तीन संध्याकाळी बसून त्यांनी ते गेज सरळ केलं. कंपनीला अजून पत्ता नाही. मी मात्र चौथ्या संध्याकाळीही तिथे गेलो, आणि मग जातच राहिलो.

चाचा ठासणीच्या बंदुका दुरुस्त करत. या बंदुकीत काडतूस नसतं. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर शिशाची गोळी, आणि लोखंडी गजाने ठासून खाली बसवायची. मुळशी, वेल्हे, भोरकडच्या डोंगरांत शेतकऱ्यांकडे पीक राखायच्या परवान्यावर अशा बंदुका असत. भाताच्या खाचरात रानडुकरं उतरू लागली की त्या आढ्यावरून खाली येत. त्यातल्या कित्येक नळ्यांचं बाळपण आणि म्हातारपण चाचांच्या हाताखालून गेलेलं होतं.

त्यांच्याकडे माझ्यासारखं गेज नव्हतं. पितळेचे तीन गोल ठोकळे होते, लांब काडीवर बसवलेले, त्यांनी स्वतः कानशीने घासून केलेले. त्यांची नावं धाकटी, मधली आणि थोरली. नळीत आधी धाकटी जायची. ती सरसर उतरली की मधली. मधली जिथे अडकायची तिथे चाचांची मानही थांबायची. एकदा मी माझं गेज चोरून आणलं आणि त्यांनी मधलीने तपासलेली नळी मोजली. दोघांचं उत्तर एकच आलं. मी अवाक होऊन म्हणालो, "चाचा, हे कसं काय?"

"तुमचं यंत्र हुशार दिसतंय," ते म्हणाले. "शिकेल हळूहळू."

पण ठोकळे हे दुय्यम. खरी परीक्षा डोळ्यांची. नळीच्या मुळाशी आट्यांचं बूच असतं. ते काढलं की नळी आरपार होते. मग ती डोळ्याला लावायची आणि खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीत दिसणाऱ्या हातभर आभाळावर धरायची आणि सावकाश फिरवायची. आतून प्रकाशाची वलयं एकात एक दिसतात. वलय कुठे मोडलं की तिथे खोट. चाचा नळी फिरवताना स्वतःशीच पुटपुटत, "तोंड… पोट… मूळ…" तोंड म्हणजे गोळी बाहेर पडते ते टोक, मूळ म्हणजे दारू पेटते ते, आणि मधलं सगळं पोट. तिन्ही बरी म्हटल्याशिवाय नळी खाली ठेवत नसत.

एकदा जुन्या सरदार घराण्यातले एक गृहस्थ आले. त्यांची नळी आटेवाली होती. म्हणजे आत मळसूत्री खाचा होत्या, ज्यांच्यामुळे गोळी गिरकी घेत जाते आणि नेम लागतो. यांचा नेम लागेनासा झाला होता. "पणजोबांच्या वेळची आहे, गोळ्या घालून घालून झिजली असणार," असं त्यांचं मत. चाचांनी आभाळावर धरली, फिरवली, आणि विचारलं, "मालक, साफ किती वेळा करता?"

"दर रविवारी. न चुकता. लोखंडी गज आणि पॉलिश पेपर. स्वतःच्या हाताने."

"मग बरोबर आहे. शिसं मऊ असतं, त्याने लोखंड झिजत नाही. गज तिरका जातो आणि तोंडाची कड खातो. ही गोळ्यांनी झिजलेली नाही मालक, ही तुमच्या प्रेमाने झिजली." आणि वर, "पोट नि मूळ अजून तरुण आहेत. तिथपर्यंत प्रेम पोचलं नाही."

तोंड बोटभर कापून त्यांनी नवं करून दिलं, आणि सोबत लाकडी गज. पॉलिश पेपर ठेवून घेतला.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात दुकानात रीघ लागे. चाचा प्रत्येकाला बजावत, "पूजा जरूर करा. हळद-कुंकू दस्त्याला लावा, नारळ बाजूला फोडा. पाणी नळीत नको." तरी दरवर्षी कुणीतरी नळीवरच नारळ फोडायचं. एका बंदुकीतून तर वाळलेलं लिंबू निघालं. चाचांनी ते हातावर घेऊन बराच वेळ पाहिलं आणि मालकाला म्हणाले, "डुक्कर याने मरणार नाही, पण पोहे चांगले खाईल."

माझ्या स्वतःच्या पराक्रमांत एकच सांगतो. एका नळीला त्यांनी आठवडाभर खपून बाहेरून सुरेख तपकिरी रंग चढवला होता. मी कौतुकाने ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. बाहेर ऊन, हाताला घाम. तीन दिवसांनी गेलो तर नळीवर गंजाने माझी पाचही बोटं उमटलेली, अंगठ्याच्या रेषांसकट. चाचा शांतपणे म्हणाले, "सही केलीत. तारीखही घालायची होती." आणि पुन्हा पहिल्यापासून घासायला बसले.

माझ्या आईला हे माझं जाणं-येणं पसंत नव्हतं. "घरात बुद्धाची मूर्ती," ती म्हणायची, "सकाळी पंचशील म्हणतोस आणि संध्याकाळी बंदुका पुसतोस." हे मी चाचांना तसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "आईंना सांग, मी बंदूक चालवायला शिकवत नाही. ती धरणाऱ्याच्या हातात फुटू नये, एवढंच बघतो. त्यांच्या पंचशिलात बसत असेल तर बघ म्हणावं."

'सांग' म्हणाले होते. थट्टा नव्हती.

आणि एवढंच बघण्यासाठी त्यांची एक रीत होती. दुरुस्त झालेली बंदूक मालक परवाना दाखवून घेऊन जायचा तेव्हा चाचा त्याच्याबरोबर एसटीने त्याच्या शेतावर जायचे, आणि पहिला बार स्वतः उडवायचे. दोरी बांधून लांबून नव्हे, तर दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला लावून. याला ते 'सासरी पोचवणं' म्हणत. मी एकदा म्हणालो, "चाचा, कशाला धोका? दोरी बांधून लांबून ओढा की."

"जी नळी मी माझ्या गालाशी धरत नाही, ती दुसऱ्याच्या गालाशी का देऊ?" एवढंच उत्तर आलं.

नव्वदीची वर्षं पुढे सरकली. आमच्या कारखान्यात माझं काम करणारं स्वयंचलित यंत्र आलं, तेव्हा मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकू लागलो. शतक बदलताना जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार, अशी हवा होती आणि तो गोंधळ निस्तरायला पुण्याची पोरं भराभर परदेशी जात होती. मलाही जायचं होतं.

याच सुमाराला चाचा मला शिकवू लागले, असं मला वाटलं. नळी माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "तोंड?" मी आभाळावर धरून सांगायचो, "बरं आहे." "पोट?" "मधे एक फिकट पट्टा." "मूळ?" "थोडे खड्डे. उथळ." ते मान डोलवायचे. मी हवेत. मित्रांना सांगत सुटलो, की कसब्यातला शेवटचा शिकलगार आपली विद्या मला देतोय. सॉफ्टवेअर नाही जमलं तर पेठेत पाटी लावीन, असंही म्हणालो. पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरलं होतं.

एका रविवारी मी दारात पोचलो तेव्हा चाचांनी नळी डोळ्याला लावलेली होती. फिरवत होते. "तोंड… पोट… मूळ…" मग समाधानाने म्हणाले, "हं. बरी आहे."

नळीच्या मुळाशी बूच तसंच होतं. त्यांनी ते काढलंच नव्हतं. त्या नळीतून आभाळ दिसणं शक्यच नव्हतं. नुसता अंधार दिसत असणार, आणि तो अंधार ते सावकाश फिरवून बघत होते.

मी चपला काढताना थांबलो, आणि तेवढ्याने त्यांना कळलं. त्यांनी बोटाने चाचपून बूच पाहिलं. नळी मांडीवर ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू आहे. आधी कडेकडेचं गेलं. मग सगळं जग नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, चला, आपल्याला सवय आहे." ते हसले. "आता नळीच बंद होत आलीय."

म्हणजे मला विद्या मिळत नव्हती. माझे डोळे उसने घेतले जात होते. मी शेवटच्या शिकलगाराचा शिष्य नव्हतो, त्याचा चष्मा होतो.

"रफीकला माहीत आहे?" रफीक म्हणजे त्यांचा मुलगा. बिबवेवाडीत फ्लॅट घेतलेला, वडिलांनी दुकान बंद करून तिकडे यावं म्हणून मागे लागलेला.

"त्याला सांगू नकोस. दुकानाचा परवाना माझ्या नावाचा आहे. डोळ्यांचं कळलं की उद्या दुकान बंद. मग या नळ्या कोण बघेल? लोक नळाचे पाइप कापून बसवायला लागलेत बंदुकीला." त्यांनी मांडीवरची नळी बाजूला ठेवली. "आणि मी काय करू? गॅलरीत बसून रिक्षा मोजू?"

त्या दिवशी आमचा करार झाला. मी बघायचं, त्यांनी ऐकायचं. अट एकच. "दिसलं तर दिसलं म्हण. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हण. 'असेल' म्हणायचं नाही. 'असेल' हा शब्द माझ्या दुकानात चालत नाही."

दीड-एक वर्ष हे चाललं, आणि चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. मी सकाळी कंपनीची बस पकडण्याआधी अर्धा तास जायचो. गिऱ्हाइकासमोर चाचा नळी आधी स्वतःच्या डोळ्याला लावायचे, मग ऐटीत माझ्याकडे द्यायचे. "मापाडीसाहेब, तुमचं मत?" माझं मत ऐकून झालं की म्हणायचे, "ठीक. माझंही तेच." गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही दोघं हसायचो. मधल्या काळात शेजारच्या जुन्या घराच्या जागी इमारत उठू लागली, खिडकीसमोर बांबूंची परांची लागली आणि आमचं हातभर आभाळ वीतभर झालं. पण मी आभाळाला दोष देणार नाही. वीतभर आभाळ पुरतं.

वेल्ह्याकडचे सोपानराव आले ती सकाळ. अंगाने आडवे, आवाजाने उभे. त्यांची जुनी नळी फुगली होती म्हणून गावातल्या कुणीतरी दुसरी बसवून दिली होती. "चाचा, नीट हाय का तेवढं सांगा," ते म्हणाले. "डुकरांनी पार वाट लावलीया भाताची. रातभर डबं वाजवतुया आमी."

चाचांनी बूच काढलं. धाकटी घातली, मधली घातली. सरळ, एकसारखी. गजाला कापूस गुंडाळून नळीतून फिरवला. कुठे अडकला नाही. बाहेरून नख लावलं, ठोकून आवाज ऐकला. "रंग जाड दिलाय," पुटपुटले. "अखंड आहे की जोडाची, बाहेरून कळू नये म्हणून." पत्रा वळवून जोडलेला पाइप असला तर त्याच्या अंगावर एक उभी शिवण असते, आणि दारू पेटली की ती उसवते. म्हणून आत बघणं महत्त्वाचं.

मला घाई होती. मुंबईला व्हिसाची मुलाखत, पिशवीत इस्त्रीचा शर्ट, कमरेला उसना पेजर. मी नळी डोळ्याला लावली.

"तोंड?"

"बरं."

"पोट?"

"बरं."

"मूळ?"

मुळाकडे, बोटाच्या दोन पेरांपलीकडे, मला एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. उभी. वलयं तिथे मोडत होती. मी मनात म्हणालो, कापसाचा धागा असेल, आत्ताच तर फिरवलाय. खरं सांगायचं तर मला तसं वाटलं नाही. मी वाटून घेतलं. धागा असेल तर पुन्हा पुसायचं, पुन्हा बघायचं, तसंच दिसलं तर सोपानरावांना सांगायचं, वाद घालायचा, आणि गाडी चुकणार. कमरेवर पेजर वाजला.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

चाचा क्षणभर माझ्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "ठीक. माझंही तेच."

मुलाखत छान झाली. तिथे विचारलं, तुमच्या कामाचं वैशिष्ट्य काय? मी सांगितलं, बारकाव्यांकडे लक्ष.

तीन दिवसांनी चाचा बंदुकीला सासरी पोचवायला सोपानरावांच्या शेतावर गेले. पहिला बार उडवला. नळी मुळापाशी उभी फाटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि गालावर भाजलं.

मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा रफीक भिंतीला टेकून उभा होता. सोपानराव बाकावर बसून सारखं एकच म्हणत होते, "माझ्या हातात फुटायची ती. माझ्या हातात फुटायची." खाटेपाशी एक हवालदार वही घेऊन उभा होता.

"नळी तपासली कोणी?"

"मी," चाचा म्हणाले. "दुकान माझं, डोळा माझा."

"दुसरं कोणी होतं?"

"कोण असणार? एकट्याचा धंदा आहे."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. माझ्या हातात मोसंबी होती. आयुष्यभर मी स्वतःच्या चुका लोकांना रंगवून सांगत आलो, चहावर, लग्नात, ऑफिसात. हशे मिळवले. त्या दिवशी एक चूक साध्या शब्दांत सांगायची होती, हसवायचीही गरज नव्हती, समोर ऐकणारा वही उघडून उभा होता. मी मोसंबी टेबलावर ठेवली आणि ती गडगडू नयेत म्हणून नीट लावत बसलो.

पुढे दवाखान्यातच डोळ्यांची तपासणी झाली आणि परवाना गेला. दुकान बंद झालं. मी परदेशी गेलो. दीड वर्षं तिथल्या कॉम्प्युटरमधल्या तारखा नीट केल्या.

परत आलो, लग्न केलं, शहराबाहेर मांजरी गावात, नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. खिडकीतून ऊस दिसतो म्हणून चार पैसे जास्त मोजले. दोन वर्षांनी तिथेही इमारत आली, तो भाग वेगळा. फ्लॅटच्या पडद्यांसाठी पाइप आणायला एका रविवारी बिबवेवाडीला गेलो. मांजरीत पाइप मिळत नव्हते असं नाही. मी मुद्दाम बिबवेवाडीला गेलो, आणि खांद्यावर पाइप घेऊन रफीकच्या दारात उभा राहिलो. हातात काहीतरी असलं की मला धीर येतो.

चाचा गॅलरीत खुर्चीवर होते. डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे. मी चपला काढल्या.

"मापाडीसाहेब," ते म्हणाले. "चपला अजून एकेक करून काढता."

मी शेजारी बसलो. रफीकच्या बायकोने चहा आणून दिला. कप त्यांनी उजव्या हातात धरला, डावा शालीखाली होता. रिक्षा जात होत्या. "मोजता का?" मी विचारलं. "सोडून दिलं," ते म्हणाले. "फार झाल्या."

मग मी एका दमात बोलून टाकलं. "चाचा, मला रेघ दिसली होती. मुळाशी. मी धागा असेल म्हटलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"'स्वच्छ' म्हणायच्या आधी तुझा श्वास अडला. डोळे गेले तेव्हापासून मी तुझ्या श्वासावरच नळ्या तपासत होतो. तुला काय वाटलं, तुझ्या मतावर?"

"मग तुम्ही बार का उडवलात?"

"परत बघ म्हणालो असतो, तर सोपानरावाने विचारलं असतं, तुम्हीच का बघत नाही? मग दुकान तिथेच संपलं असतं. मी मनात म्हटलं, पोराला शिंक येत असेल." कप त्यांनी खाली ठेवला. "माझ्या दुकानात न चालणारा शब्द मीच चालवला. म्हणून दारू निम्मी भरली. पुरी भरली असती, तर आज तू कुणाशी बोलला असतास?"

मी रडलो असतो तर बरं झालं असतं, पण मी बावळटासारखा पाइप पायाने मागे-पुढे करत होतो. तो आवाज त्यांनी ऐकला.

"काय आणलंय?"

"पाइप. पडद्यांचा."

"दे इकडे."

त्यांनी उजव्या हाताने तो चाचपला. अंगठा उभा फिरवला. मग पाइप मांडीवर घेऊन अंगठा आडवा फिरवला, आणि एका जागी थांबले. "जोडाचा आहे. उभं बोट फिरवलं तर शिवण लागत नाही. आडवं फिरवावं लागतं." मग म्हणाले, "चालेल. पडद्याला दारू नसते."

आणि सवयीने, खरंच निव्वळ सवयीने, त्यांनी पाइपचं एक टोक डोळ्याला लावलं. दुसरं टोक कठड्यावरून खाली जाऊ नये म्हणून मी पटकन धरलं, आणि पाहिलं, तर मी बरोबर त्याच्या समोर उभा होतो. आभाळाच्या जागी. ते पाइप सावकाश फिरवू लागले. शालीखालून डावा हात बाहेर आला होता. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी पाइप तोलला होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "तोंड?"

"बरं आहे."

"पोट?"

"सुटलंय थोडं. परदेशात खाल्लेलं दिसतंय."

मी हसलो. त्यांनी पाइप हलवला नाही. मग मी विचारलं, "मूळ?"

खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. रफीकची बायको आत भांडी लावत होती. मी पाइपचं टोक दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि कान देऊन ऐकत होतो. त्यांचा श्वास अडला. फार नाही, केसाएवढाच.

"स्वच्छ आहे," चाचा म्हणाले.